पितळ उघडं पडलं की रबर? स्वस्त ब्रास डायव्ह वॉचची उलटतपासणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेले 'म्हणजे', 'आणि ते' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

विषय निघाला एका व्हॉट्सॲप मेसेजवरून. माझा मावसभाऊ रोह्याला राहतो. आता तो तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करायला निघालाय. त्याने मला विचारलं, "दादा, तुझं ते पितळेचं डायव्ह वॉच घेऊन जाऊ का? दोनशे मीटर लिहिलंय ना त्यावर?"

मी 'घेऊन जा' असं टाईप केलं आणि पाठवायच्या आधी थांबलो. कारण त्याच घड्याळाच्या काचेत एकदा आतून वाफ धरलेली मी पाहिली होती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखाद्या गोष्टीवर 'चालतं' असा शिक्का मारायचा तर ती कुठे मोडू शकते हे आधी बघायची सवय आहे. मग आठवडाभर मी या पितळेच्याच मागे लागलो. निघाला तो मोठा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या आसपासचा आहे.

घड्याळ आहे तरी काय

आधी वस्तू ओळखून घेऊ. मी पेणचा, नोकरी नवी मुंबईत. गेल्या दिवाळीत ऑनलाइन ४,२०० रुपयांना हे घड्याळ घेतलं. पितळेची केस, मागचं झाकण स्टीलचं, फिरणारी बेझल, आवळून बसवायची चावी (तिलाच क्राउन म्हणतात) आणि आत जपानी ऑटोमॅटिक मशीन. तबकडीवर लिहिलंय 'वॉटर रेझिस्टंट २०० मी'.

घेतलं ते दिसण्यावर भाळून, हे कबूल करतो. पहिल्या दिवशी सोन्यासारखं चमकत होतं. दोन महिन्यांत त्यावर चॉकलेटी छटा आली. घड्याळप्रेमी लोक याला पॅटिना म्हणतात आणि त्याचे फोटो टाकतात. आमची आई म्हणाली, "चिंच लावून घास, निघेल."

मे महिन्यात नागावच्या समुद्रात ते घालून दोन-तीनदा डुंबलो. पुढे जूनमध्ये कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलं. भिऱ्याचं वीजकेंद्र सकाळी पाणी सोडतं, त्यावर ते राफ्टिंग चालतं. १९२७ सालचं हे केंद्र मुळशी धरणाच्या पाण्यावर चालतं, म्हणजे आपण ज्या लाटांवर ओरडत जातो ते मुळशीचं पाणी. असो. संध्याकाळी दिवा गाडीत बसलो तेव्हा काचेच्या आत बारीक धुकं होतं.

माझा पहिला निष्कर्ष असा की स्वस्त पितळ, खाऱ्या पाण्याने खाल्लं, विषय संपला. हा निष्कर्ष चुकीचा होता. पण तो का चुकीचा होता हे कळायला आधी पितळ समजून घ्यावं लागलं.

पितळ आणि कांसं: पालीच्या घंटेपासून सुरुवात

तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, आणि कथील मिसळलं की कांसं, म्हणजे ब्रॉन्झ. दुकानातल्या जाहिरातीत हे दोन्ही शब्द बिनधास्त अदलाबदल करून वापरतात. फरक मात्र मोठा आहे.

रोह्याहून पालीला बल्लाळेश्वराला गेलात तर तिथली मोठी घंटा बघा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या बऱ्याच देवळांत आल्या, आणि पालीची घंटा त्यांतलीच मानली जाते. अशा युरोपीय घंटा कांशाच्या ओतत: साधारण पाच भागांतले चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कोकणातला पाऊस आणि दमट हवा इतकी वर्षं खाऊनही अशा घंटा खणखणीत वाजतात.

पितळेची गोष्ट वेगळी. त्यातलं जस्त हा मोठा खट्याळ धातू. ते ९०७ अंशांना उकळतं, पण त्याचं खनिज भट्टीत घालून धातू सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू तयार होताक्षणी वाफ होऊन उडून जातो! मग जुन्या काळी लोक काय करत? तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा एकत्र बंद करून तापवत, की सुटलेली वाफ थेट तांब्यात मुरायची आणि पितळ व्हायचं. शुद्ध जस्त मात्र हाती लागत नसे.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवला तो राजस्थानातल्या झावरने, उदयपूरजवळ. तिथे मातीच्या वांग्यासारख्या मुशी उलट्या लावून वाफ खाली उतरवत आणि थंड करून जस्त गोळा करत. मध्ययुगात हा चक्क उद्योग होता, आणि 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात ही पद्धत वर्णन केलेली आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, म्हणजे काही शतकांनंतर.

आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र वेगळ्या भाषेत माहीत होतं. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थात धातू उतरतो. म्हणून कल्हईवाला यायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवायचा. पितळ वापरा, पण त्याच्या आणि आंबटाच्या मध्ये काहीतरी ठेवा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वस्त पितळ समुद्रात: जुनी गोष्ट

आता समुद्राकडे येऊ. 'परवडणारं पितळ समुद्रात चालेल का' हा प्रश्न माझ्या आधी दोनशे वर्षं जहाजवाल्यांना पडला होता.

लाकडी जहाजाच्या तळाला शिंपले चिकटतात आणि किडे लाकूड पोखरतात. म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारायला सुरुवात केली. त्याच आरमारासाठी मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी जहाजं बांधली जात. १८१७ साली इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे.

तांबं महाग. मग १८३२ साली जॉर्ज मुंट्झ नावाच्या बर्मिंगहॅमच्या माणसाने पेटंट घेतलं: साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त. तांब्यापेक्षा स्वस्त आणि कडक. जहाजवाल्यांनी ते उचलून धरलं. १८६९ सालच्या प्रसिद्ध 'कटी सार्क' जहाजाच्या तळालाही याच मुंट्झ धातूचे पत्रे होते. म्हणजे स्वस्त पितळ समुद्रात चाललं, आणि मोठ्या प्रमाणावर चाललं.

पण त्यात एक मेख होती. जस्ताचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. मागे उरतं ते लालसर, भुसभुशीत तांबं. आकार तोच, ताकद गेलेली. वरून बघून कळतही नाही. आपल्याकडे लाकडाला वाळवी लागते ना, वरचा पापुद्रा शाबूत आणि आत पोकळ, तसंच काहीसं.

यावर उपाय निघाले. पितळेत एक टक्का कथील घातलं की हा त्रास कमी होतो. अशा पितळेला नेव्हल ब्रास, ॲडमिरल्टी ब्रास अशी नावं पडली. पुढे किंचित आर्सेनिक घालायची युक्ती सापडली. म्हणजे 'पितळ' हे एका धातूचं नाव नाही, ते अख्खं खानदान आहे. म्हणून कुठली कंपनी नुसतं 'ब्रास केस' लिहीत असेल तर पहिला प्रश्न हाच: कुठलं पितळ? माझ्या घड्याळाच्या बॉक्सवर, माहितीपत्रकावर, कुठेच उत्तर नव्हतं.

आणि हो, पितळ खरोखर पाण्याखालीही गेलंय. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबेने बनवलेली पाणबुड्यांची गोल शिरस्त्राणं आठवतात? सिनेमात दिसतात ती. तांब्याचा गोळा, पितळेचे जोड आणि वरून बऱ्याचदा कथलाचा मुलामा. म्हणजे कल्हईच की! जाड धातू, वर कल्हई, प्रत्येक वापरानंतर देखभाल. तिथे पितळ टिकलं कारण त्याला तसं सांभाळलं.

घड्याळ पाण्यात कसं उतरलं

घड्याळाच्या आत पितळ कायमच होतं. महागड्या स्विस घड्याळाचीही मुख्य प्लेट सहसा पितळेचीच असते, वर निकेल किंवा ऱ्होडियमचा मुलामा. पितळ कापायला सोपं, आणि ओल्या हवेत लोखंडासारखं गंजून भुगा होत नाही. प्रश्न फक्त पाणी आत येऊ न देण्याचा होता.

१९२६ साली रोलेक्सने ऑयस्टर केस आणली. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश जलतरणपटूने इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यावर शंका घेतली गेली म्हणून २१ ऑक्टोबर १९२७ ला ती पुन्हा पाण्यात उतरली, या वेळी गळ्यात ऑयस्टर घालून. दहा तासांहून जास्त वेळ थंड पाण्यात काढल्यावर तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालू होतं. रोलेक्सने 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. घड्याळांच्या मार्केटिंगचा इतिहास तिथून बदलला.

खरं डायव्ह वॉच आलं १९५३ साली. ब्लाँपां कंपनीचा ज्याँ-जॅक फिश्टर स्वतः डायव्हर होता. फ्रेंच नौदलाचे लढाऊ पाणबुडे मालुबिए आणि रिफो यांनाही असंच घड्याळ हवं होतं. त्यातून 'फिफ्टी फॅदम्स' तयार झालं, आणि रोलेक्सची 'सबमरिनर'ही त्याच काळातली. या घड्याळांची गरज काय होती हे बघा. पाण्याखाली किती वेळ झाला हे चुकलं तर हवा संपते, किंवा वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून ती फिरणारी बेझल. आणि चांगल्या डायव्ह वॉचची बेझल एकाच दिशेने फिरते, कारण चुकून धक्का लागला तरी ती 'जास्त वेळ झाला' असंच दाखवेल, 'अजून वेळ आहे' असं कधीच दाखवणार नाही. चूक झाली तरी ती जीव वाचवणाऱ्या बाजूला होईल. इंजिनियर म्हणून मला ही कल्पना फार आवडते.

पुढे १९८२ मध्ये आयएसओ ६४२५ हे डायव्हर्स घड्याळांचं मानक आलं. त्यात किमान १०० मीटर हवेत. लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब देऊन तपासायचं. मिठाच्या पाण्यात ठेवून बघायचं. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे जे हे पाळतं त्यावर 'डायव्हर्स' आणि पुढे खोली असं लिहिता येतं. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट २०० मी' ही वेगळी गोष्ट. माझ्यावर काय लिहिलं होतं? बरोबर, दुसरं.

आजोबांचं एचएमटी

या सगळ्यात एक घड्याळ राहिलं. रोह्याला माझ्या आजोबांच्या कपाटात एचएमटी जनता आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि निम्म्या देशाच्या मनगटावर हीच घड्याळं बसली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

आजोबांच्या घड्याळाला जिथे पट्टा बसतो तिथे वरचा चंदेरी मुलामा उडालाय आणि आतून पिवळं दिसतं. पितळेची केस, वरून क्रोम, मागे स्टीलचं झाकण. 'पितळ उघडं पडणं' हा वाक्प्रचार मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो त्या घड्याळावर. पण गंमत बघा, ते अजून चालतं. आजोबा अंघोळीला जाताना ते खिडकीत काढून ठेवत. पाऊस सुरू झाला की रुमालात गुंडाळत. घड्याळाने पाण्याबद्दल कुठलंही वचन दिलं नव्हतं आणि आजोबांनी मागितलंही नव्हतं. क्रोम हीच त्याची कल्हई.

माझ्या घड्याळाने मात्र वचन दिलं होतं.

झाकण उघडलं

पेणला बाजारात एक घड्याळवाले काका बसतात. त्यांच्यापुढे मी माझा सगळा अभ्यास मांडला. जस्त निघून जातं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

चावी बाहेर काढली. आट्यांवर हिरवट-पांढरा थर होता आणि एका ठिकाणी लालसर डाग. मी लगेच म्हटलं, "बघा काका, जस्त गेलं!" त्यांनी सुईने तो डाग खरवडला. खाली स्वच्छ पिवळं पितळ. भुसभुशीत काही नाही. "वरचा रंग आहे रे. आत माल ठीक आहे."

मग त्यांनी मागच्या झाकणाची रबरी रिंग बाहेर काढली. कोरडी ठणठणीत, ग्रीसचा पत्ता नाही. आणि त्या रिंगखाली, कारखान्यात झाकण लावतानाच अडकलेला, एक बारीक धागा. पाणी आत गेलं ते तिथून. कोलाडचं पाणी तर गोडं होतं! खाऱ्या पाण्याचा त्या धुक्याशी संबंधच नव्हता.

काका म्हणाले, "पितळेला कशाला शिव्या घालतोस? तुझं वॉशर बघ आधी."

म्हणजे मी चुकीच्या आरोपीवर खटला चालवत होतो. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. ज्या मॉड्यूलवर आपला राग असतो, बग तिथेच असणार असं आपण गृहीत धरतो.

मग स्वस्त ब्रास डायव्ह वॉच घ्यायचं की नाही?

माझं मत सरळ सांगतो. दिसायला आवडत असेल तर घ्या. पितळ हा कमअस्सल धातू नाही. २०११ मध्ये पानेराईने ब्रॉन्झचं घड्याळ आणल्यापासून जुनाट रंगाची जी फॅशन आली, ती कमी पैशांत पितळ देतं. पण घेताना एवढं बघा.

एक, कुठलं पितळ ते लिहिलंय का? कथील घातलेलं नेव्हल ब्रास किंवा खरं ब्रॉन्झ असेल तर समुद्रासाठी बरं. काहीच लिहिलेलं नसेल तर साधं पितळ समजा.

दोन, मागचं झाकण स्टीलचं आहे का? घाम आणि पितळ यांचं जमत नाही, मनगट हिरवं होतं. धुतलं की जातं, पण रोज कोण धुणार?

तीन, 'डायव्हर्स' लिहिलंय की नुसतं 'वॉटर रेझिस्टंट'? बेझल एकाच दिशेने फिरते ना? दोन्ही दिशांनी फिरत असेल तर ती निव्वळ शोभेची.

चार, चावीच्या आट्या. केस कितीही जाड असो, पितळ सगळ्यात पातळ असतं ते तिथे. समुद्रातून आलात की चावी घट्ट बंद ठेवूनच घड्याळ गोड्या पाण्यात धुवा. मीठ आट्यांत राहिलं तर आज काही होणार नाही, पाच वर्षांनी होईल.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: दाबाची तपासणी. नवं असलं तरी ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशर टेस्टचं मशीन आहे तिथे एकदा करून घ्या, आणि झाकण कधीही उघडलं की पुन्हा करा. ४,२०० च्या घड्याळात आणखी काही शे रुपये घालावे लागतील, ते किमतीतच धरा. घरी करायची एक साधी परीक्षाही आहे. घड्याळ हाताच्या उबेने कोमट होऊ द्या आणि काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभराने थेंब पुसल्यावर आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. दिसलं नाही तर आत्ता आत ओल नाही, एवढंच कळतं. दोनशे मीटरचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

भावाला काय उत्तर दिलं

काकांनी नवी रिंग घातली, ग्रीस लावलं, आट्या साफ केल्या. पेणमध्ये त्यांच्याकडे प्रेशर टेस्टचं मशीन नाही, आणि त्यांनी ते आपणहून सांगितलं. "पावसात घाल, नळाखाली धर. समुद्राखाली जाण्याची हमी मी देणार नाही," हे त्यांचे शब्द. चार हजारांच्या घड्याळाच्या तबकडीपेक्षा हे वाक्य मला जास्त भरवशाचं वाटलं.

सुरुवातीच्या कोर्समध्ये डायव्हर साधारण १८ मीटरपर्यंत जातात. दोनशेचा दावा अर्धा खरा निघाला तरी पुरेल, असं हिशेबाने म्हणता येतं. पण दावा तपासलेलाच नाही तर त्याचा अर्धा भागही तपासलेला नाही. आणि पाण्याखाली वेळ मोजायला आता डायव्ह कॉम्प्युटर असतो, खोली आणि वेळ दोन्ही तोच धरतो.

म्हणून मी 'घेऊन जा' पुसून टाकलं आणि लिहिलं: "घेऊन जा, पण किनाऱ्यावर घाल. पाण्याखाली शिकवणारे देतील तो कॉम्प्युटर वापर. आणि वेळ बघायला दुसऱ्याच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नकोस."

त्याचा रिप्लाय आला, "ओके दादा. मग आजोबांचं एचएमटी नेऊ का संध्याकाळी घालायला?"

मी म्हटलं, ने. पण अंघोळीच्या आधी काढून ठेव.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात असं पितळ उघडं पडलेलं जुनं घड्याळ असेल तर त्याला एकदा चावी देऊन बघा आणि काय झालं ते कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि वॉशर बघा!